हलवू नका

माझ्या नवऱ्याचं दिग्रसला मोटारसायकलच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. अपघातातल्या गाड्या गॅरेजवाले दुरुस्तीला घेतात, तेव्हा बरंचसं सामान आमच्याकडून जातं. नुसती गाडी पाहून चालवणारा कोणत्या अंगावर पडला असेल ते तो सांगतो. लग्न झालं तेव्हा मला हे बोलणं अभद्र वाटायचं, पुढे सवय झाली. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, स्कूटीने जाते-येते. सकाळी निघताना तो माझ्या चाकांमधली हवा दाबून पाहतो आणि मगच चहाला बसतो.

आमच्या गल्लीत एक तरुण आहे. दारव्हा रोडवर तो गाडीवरून पडला. पडला तेव्हा हातपाय हलत होते, असं पाहणारे सांगतात. लोकांनी चांगल्याच मनाने त्याला काखेत धरून उचललं, ऑटोत दुमडून बसवलं. मान कोणी धरली नाही. तेव्हापासून तो खाटेवर आहे. त्याची आई त्याला कुशीवर वळवते तेव्हा तिचं कण्हणं आमच्या स्वयंपाकघरापर्यंत येतं. तो आधी दुकानात येऊन बसायचा, माझ्या नवऱ्याशी त्याचं जमायचं. नवरा नेहमी म्हणे, "पडून नाई खराब झालं ते पोरगं. उचलून झालं."

म्हणून मोटारसायकलवाल्यांसाठी प्रथमोपचाराचं शिबिर घ्यायचं त्याच्याच डोक्यात आलं. विहाराचा हॉल मिळाला. शिकवायला दवाखान्यातून रिटायर झालेल्या एक सिस्टर तयार झाल्या. खणखणीत आवाजाच्या, पांढरी साडी अजूनही कडक इस्त्रीची. मेकॅनिक आले, दूधवाले आले, रोज शेताला जाणारे आले, बायकांमध्ये मी आणि दोन अंगणवाडीसेविका. रस्त्यावर अपघात दिसला तर आधी आपली गाडी कुठे लावायची, ॲम्ब्युलन्सला फोन करून काय सांगायचं, रक्त वाहत असेल तर फडकं कसं दाबून धरायचं, सगळं त्यांनी करून दाखवलं. पण खरा वेळ गेला तो मानेवर. "आपल्याकडे माणूस पोत्यासारखा उचलतात," सिस्टर म्हणाल्या. "हलवू नका. डोकं दोन्ही हातांत धरा, आणि गाडी येईपर्यंत सोडू नका. बाकी काही नाही जमलं तरी चालेल."

मला सतरंजीवर आडवं करून, डोक्यात हेल्मेट घालून, नवऱ्याने माझं डोकं धरलं. सगळे हसत होते. त्याचे हात ऑइलचे, काळ्या रेघांचे, पण धरणं इतकं हलकं होतं की मला झोप येईल असं वाटलं. घरी आल्यावरही दोन-तीन दिवस तो मला जमिनीवर निजवून सराव करायचा. "हाल नको ना वं," म्हणायचा, "तू बेशुद्ध हायस." त्या दिवसांत तो फार खुशीत होता. आपल्याला आता काहीतरी येतं, या गोष्टीचा आनंद त्याच्या चालण्यातसुद्धा दिसायचा.

कापसाचे दिवस होते. माझ्या माहेरी, पुसदला, आम्ही मोटारसायकलवर निघालो होतो. दुपारची वेळ. रस्त्याच्या दोन्ही कडांना बाभळींवर कापसाचे पुंजके अडकले होते, भरलेल्या ट्रॉल्या जिनिंगकडे जाताना उडतात तसे. एका वळणापुढे पाच-सहा माणसं उभी दिसली. मोटारसायकल आडवी पडलेली, आणि तिच्यापासून थोड्या अंतरावर एक तरुण उताणा. ट्रॉलीला वाट देताना गाडी गिट्टीत घसरली होती. मागे बसलेली त्याची धाकटी बहीण गवतात फेकली गेली होती, तिला फक्त खरचटलं होतं. ती त्याच्याजवळ बसून ओढणीने त्याच्या तोंडावरची धूळ पुसत होती.

नवऱ्याने आमची गाडी अलीकडे, शिकवल्यासारखी, तिरपी लावली. मी ॲम्ब्युलन्सला फोन केला, ठिकाण सांगितलं. तोवर तो तरुणाच्या डोक्यामागे गुडघ्यांवर बसला होता आणि दोन्ही हातांनी त्याचं डोकं धरलं होतं. त्याच्या पोटरीतून रक्त येत होतं, तिथे मी माझा स्कार्फ घडी करून दाबला. रक्त थांबलं. मला आठवतं, मी मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं आणि आम्ही दोघंही जवळजवळ हसलो.

तरुण शुद्धीवर होता, बोलत होता. "मानेत दुखून राह्यलं," म्हणाला. मग म्हणाला, "पाणी द्या."

"पाणी नाई देता येत, भाऊ," नवरा म्हणाला. "गाडी येऊन राह्यली. तू फक्त हालू नको."

तेवढ्यात भाजीचे कॅरेट घेऊन जाणारी एक पिकअप थांबली. ड्रायव्हर खाली उतरला, कोणी न सांगता कॅरेट एका बाजूला सारून त्याने जागा केली, फाळका पाडला. "टाका याच्यात. पुसदला सोडतो."

दोघं-तिघं पुढे झाले. नवरा ओरडला, "हात नका लावू!"

"अरे, कायले थांबता?" एक म्हातारे बाबा म्हणाले. "पोरगं पांढरं पडून राह्यलं, पाहा ना."

"बाबा, मानीले काही झालं असंल तर पोरगं जन्मभर खाटेवर राहीन. म्या पायलं हाय तसं माणूस."

बहीण माझ्या नवऱ्याकडे पाहत होती. "भाऊ, नेऊ द्या ना," म्हणाली. "ॲम्ब्युलन्स कधी येते काय माहीत."

"ताई, माझ्यावर भरोसा ठेव. आमी शिकलो हाय हे."

तिने भरवसा ठेवला. पिकअपवाला थोडा वेळ घुटमळला, मग त्याने फाळका लावला आणि निघून गेला. पिकअप उभी होती तिथे कोथिंबिरीचा वास राहिला होता.

मी पुन्हा फोन केला. जवळची गाडी एका बाळंतिणीला घेऊन गेली होती, दुसरी लांबून निघाली होती. निघाली आहे, हे मी सगळ्यांना सांगितलं. पुन्हा फोन केला, पुन्हा तेच. ऊन सरकून तरुणाच्या तोंडावर आलं, म्हणून एकाने दुपट्टा धरून सावली केली. तो आता सारखं पाणीच मागत होता. मी त्याचा हात हातात घेतला. हात गार होता आणि ओला. शिबिरात हेही सांगितलं होतं, पोटात आत रक्त जात असलं की माणूस गार पडतो, तहान लागते, तेव्हा वेळ घालवायचा नसतो. पण ते सिस्टरांनी चहाच्या आधी उभ्याउभ्या सांगितलं होतं आणि मान आम्ही घोकली होती. मी नवऱ्याला म्हटलं, "अहो, याचे हात गार आहेत." तो म्हणाला, "गाडी येईनच आता." त्याच्या कपाळावरून घाम थेंबथेंब त्या तरुणाच्या केसांत पडत होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

मग तो तरुण बोलायचा थांबला. बहिणीने हाक मारली, त्याने डोळे उघडले, मिटले. तेव्हा नवराच म्हणाला, "उचला." जवळच्या शेतातल्या मचाणाची फळी आणली, तिच्यावर त्याला सरळ घेतलं आणि रस्त्याने जाणाऱ्या एका जीपला थांबवून तिच्या मागच्या बाजूला ठेवलं. नवरा डोकं धरूनच आत चढला. बहीणही बसली. तिथल्याच एकाने आमची मोटारसायकल घेतली, मी त्याच्यामागे बसून गेले. वाटेत समोरून ॲम्ब्युलन्स आली, सायरन वाजवत. तिच्यात त्याला घेतलं. दवाखान्याच्या दारात डॉक्टरांनी त्याला पाहिलं आणि स्ट्रेचर आत न्यायची घाई कोणी केली नाही, त्यावरून मला समजलं.

पोटात प्लीहा फाटली होती. मोटारसायकलचं हँडल लागलं होतं. डॉक्टरांनी नवऱ्याला सांगितलं ते कौतुकाच्याच सुरात, "तुम्ही मान छान सांभाळली. मानेला काहीही झालेलं नाही."

"हँडल मुरगळलं होतं," नवरा म्हणाला. "म्या पायलं होतं."

तेराव्यानंतर आम्ही त्यांच्या गावी गेलो. जाऊ नये असं मला वाटत होतं, पण तो ऐकेना. तरुणाच्या वडिलांनी अंगणात बाज टाकली, चहा ठेवायला सांगितलं. ते माझ्या नवऱ्याचा हात सोडत नव्हते. "आजकाल कोण थांबते हो रस्त्यावर?" म्हणाले. "तुमी थांबले. माह्या पोराचं डोकं हातात धरून बसले." नवरा खाली मान घालून ऐकत होता. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर त्याला सोपं गेलं असतं.

निघताना बहीण गाडीपर्यंत आली. रागावलेली नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"भाऊ, त्या भाजीच्या गाडीत नेलं असतं, तर वाचला असता का तो?"

"मले नाई माहीत, ताई."

"त्या दिवशी तर तुमाले सगळं माहीत होतं," म्हणाली, आणि घरात गेली.

मी सिस्टरांकडे एकटीच गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं होतं त्या म्हणतील, तुम्ही बरोबर केलं, किंवा चुकलात. त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. "बाहेरून कसं कळणार?" म्हणाल्या. "मानही असू शकते, पोटही असू शकतं. मी शिकवते ते गाडी वेळेवर येते असं धरून शिकवते, बाई. दुसरं काय शिकवू? आपल्या रस्त्यांचं वेगळं पुस्तक कोणी लिहिलेलं नाही." मग हळूच म्हणाल्या, "त्याला सांगू नका मी असं बोलले." मी त्याला सांगितलं नाही. तो मात्र विचारायचा थांबला नाही. जेवताना घास हातात ठेवून विचारायचा, "ती पिकअप कुठपर्यंत पोचली असंल गं तेव्हा?"

पुन्हा शिबिर झालं, तेव्हा सिस्टरांनी त्याला बोलावलं. तो आला, मागे भिंतीला टेकून बसला. सतरंजीवर कोणीतरी आडवं झालं, त्याच्या डोक्यात हेल्मेट घातलं. सिस्टर म्हणाल्या, "हलवू नका." त्यांचा आवाज या वेळी तितका खणखणीत नव्हता. माझा नवरा उठला आणि चपला घालून निघून गेला.

आता गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. आर्णीकडून येताना आम्हाला रस्त्यात गर्दी दिसली. दोन मोटारसायकली एकमेकींवर आदळल्या होत्या. एक मध्यमवयाचा माणूस डांबरावर पडलेला, डोळे उघडे, ओठ हलत होते. नवऱ्याने गाडी थांबवली. उतरला, जवळ गेला, वाकून पाहिलं. कोणीतरी त्याला विचारलं, "भाऊ, तुमाले समजते का काही याच्यातलं?"

"नाई," तो म्हणाला.

माझ्याकडे कोणी पाहिलं नाही. मीही बोलले नाही. चौघांनी त्या माणसाला हातापायांना धरून उचललं, त्याची मान मागे लोंबली, तो मोठ्याने विव्हळला. ऑटोत घातलं आणि ऑटो गेला. त्याचं पुढे काय झालं ते आम्हाला कळलं नाही, आणि आम्ही विचारायलाही गेलो नाही. नवरा रस्त्याच्या कडेला बसला, बऱ्याच वेळाने उठला. मग आम्ही घरी आलो.