खोटी हजेरी

रिंगणावर त्यांना सगळे हजेरीबाई म्हणत. घोड्यावर बसायला आलेल्या माणसाला त्या लगाम कसा धरायचा हे आधी सांगतच नसत. माणूस खोगिरावर चढला, की त्याला डोळे अर्धे मिटायला लावायच्या आणि त्याच्या अवयवांची हजेरी घ्यायच्या. "जबडा?" "हजर." "खांदे?" "हजर." मग पोट, गुडघे, टाचा, आणि सगळ्यात शेवटी श्वास. ज्याचं नाव पुकारलं त्याच्याकडे मनानं जायचं, तो आवळलेला आहे की सैल ते बघायचं आणि मगच उत्तर द्यायचं.

"आणि खोटी हजेरी लावायची नाही," बाई बजावायच्या. "तुमचं तोंड काय म्हणतं ते घोड्याला कळत नाही. मांड्या काय म्हणतात ते कळतं."

त्यांच्या वर्गात एक दातांचे डॉक्टर होते, पन्नाशी उलटल्यावर हौस आलेले. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "बाई, जन्मभर लोकांना जबडा सैल सोडा म्हणून सांगत आलो. आणि माझाच निघाला कुलूप घातलेला!" बाई खूप हसल्या होत्या. पण ती झाली मागच्या वर्षीची गोष्ट.

गेल्या उन्हाळ्यात तबेल्याच्या छपरावरचा एक पत्रा वाऱ्यानं फडफडला आणि बाईंच्या मांडीखालची घोडी उधळली. घोडी पांढरी, तोंडावर कुणी पावडरचा डबा उपडा केल्यासारखी, म्हणून तिचं नाव पावडर. बाई कुंपणाजवळ पडल्या आणि गळ्याखालचं हाड मोडलं. हाड सांधलं, पत्राही ठोकून झाला. बाईंची मांड मात्र तेव्हापासून परत आली नव्हती. त्या जमिनीवर उभ्या राहून शिकवायच्या, आणि बोलता बोलता हात आपोआप त्या हाडावर जायचा. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "खांदा अजून दुखतो हो." खांदा अजिबात दुखत नव्हता. दुखत असता तर बरं, असं त्यांना पुष्कळदा वाटे.

शेवटी तबेल्याच्या मालकीणबाईंनी त्यांना बाजूला घेतलं. "बाई, घोडं अडलंय कुठं?"

"खांदा..."

"ते राहू दे. रविवारी सकाळी पावडरवर बसून एक फेरी मारा. नाहीच जमलं तर आत ऑफिसात टेबल देते. राग नाही, काही नाही. पण शिकणारे बघतात हो. जमिनीवर उभं राहून किती दिवस शिकवणार?"

मालकीणबाई रागावून बोलल्या असत्या, तर उलट उत्तर तरी देता आलं असतं. ऑफिसला खिडकी एकच होती आणि ती रस्त्याकडे उघडायची. तिथून रिंगण दिसत नसे. बाईंना घरी जाताना वाटेत दुसरं काहीच सुचलं नाही, फक्त ती खिडकी.

बाईंचे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे. घराच्या पुढच्या खोलीतच दुकान. डोळ्याला भिंग लावून दिवसभर बसायचे, पण बायकोच्या चेहऱ्यावर काय चाललंय ते भिंगाशिवाय ओळखायचे. शनिवारी संध्याकाळी बाईंना आपले बूट सापडेनात.

"अहो, बूट कुठं ठेवलेत?"

"कुणाचे?"

"घरात घोड्यावर दुसरं कोण बसतं?"

"हल्ली तूही बसत नाहीस," ते बोलून गेले आणि लगेच जीभ चावली. मग उठून मोडक्या घड्याळांच्या पेटीमागून बूट काढून आणले. पॉलिश केलेले होते. "टेबल काही वाईट नसतं गं. मी जन्मभर टेबलाशीच बसलोय."

"तुमची घड्याळं उधळत नाहीत."

"म्हणून तर बसलोय."

बाईंना हसू आलं. जेवण गेलं नाही. त्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावर ताठ बसल्या आणि स्वतःची हजेरी घेऊ लागल्या. जबडा, हजर. गुडघे, हजर. श्वास, हजर. सगळी उत्तरं पटापट आली. फारच पटापट आली, हे त्यांच्याही लक्षात आलं. पण आता घोडामैदान जवळ आलेलं, त्यात कोण खोलात शिरणार?

रविवारी सकाळी यजमान बरोबर आले. येऊन कुंपणाबाहेर रिंगणाकडे पाठ करून उभे राहिले. डॉक्टर आपल्या वर्गाच्या आधीच हजर होते. मालकीणबाईंनी स्वतः घोडी धरली होती. बाईंनी रिकिबीत पाय घातला. वर चढल्या, तेव्हा जमीन पूर्वीपेक्षा लांब गेल्यासारखी वाटली. मालकीणबाई लगाम सोडून मागे सरल्या.

बाईंनी ओठांतल्या ओठांत सुरुवात केली. जबडा हजर, खांदे हजर, पोट हजर, गुडघे टाचा श्वास हजर. एकाच पोरानं सगळ्या बाकाची हजेरी द्यावी तशी. पावडरनं कान मागे पाडले. पुढे जायचं सोडून ती तिरकी सरकू लागली, कुंपणाकडे, त्याच जागेकडे. बाईंचे गुडघे आणखी आवळले, आणि गुडघे आवळले तशी घोडी आणखी सरकली.

कुंपणावरून डॉक्टर सवयीनं ओरडले, "बाई, खोटी हजेरी चालणार नाही!"

मालकीणबाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं, की ते कुंपणामागे अर्धे लपलेच. पण बाईंना ऐकू गेलं होतं. त्यांचे कान तापले. माझंच वाक्य, मलाच! आणि त्या रागातच त्यांनी पहिल्यापासून नावं पुकारली, या वेळी मोठ्यानं.

"जबडा?" त्या थांबल्या. "आवळलेला."

"खांदे?" "कानाला लागलेत."

"गुडघे?" "घाबरलेत. घोडीला चिमटा घेतायत."

"श्वास?"

इथं त्या मनानं आत उतरल्या. छातीत कुठंच काही हलत नव्हतं.

"गैरहजर," बाई म्हणाल्या.

आणि शब्द बोलायचा म्हणजे हवा सोडावीच लागते. ती सुटली, तिच्यामागे आणखी सुटली, गुडघे आपोआप उघडले. पावडर जागच्या जागी उभी राहिली. तेवढ्यात वारा आला आणि छपरावर काहीतरी खडखडलं. घोडीनं मान ताडकन वर केली, तिच्या अंगावरून शहारा गेला. बाईंच्या अंगावरूनही गेला. हात हाडाकडे निघाला. "हात?" त्या पुटपुटल्या. "पळायला बघतोय." हात लगामावर परत आला. पावडर नाकानं लांब फुरफुरली आणि तिनं एक पाऊल पुढे टाकलं.

फेरी पूर्ण झाली. देखणी मुळीच झाली नाही. अर्ध्या वाटेवर बाईंनी श्वासाला पुन्हा दोनदा गैरहजर मांडलं. उतरल्यावर त्या घोडीच्या मानेला टेकून उभ्या राहिल्या.

"उद्याचा वर्ग घोड्यावरून घ्या," मालकीणबाई म्हणाल्या. मग डॉक्टरांकडे वळून, "आणि तुम्ही पहिल्या रांगेत."

बाई "हो" म्हणाल्या. उद्या पुन्हा चढायचं, ही भीती होतीच.

यजमान अजून पाठ करूनच उभे होते. "झालं का?" त्यांनी न वळता विचारलं.

बाई कुंपणापाशी आल्या. त्यांच्या कानाला लागलेल्या खांद्यांकडे बघत त्यांनी विचारलं, "अहो, श्वास?"



"गैरहजर," ते म्हणाले, आणि मग वळले.