पाचपैकी पाच

अकोट्याला आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे हे गृहस्थ हौशी रेडिओवाले आहेत. जेवण झालं की गच्चीवर बांधलेल्या तारेखाली रेडिओ घेऊन बसतात आणि गावोगावच्या आपल्यासारख्याच हौशी लोकांशी बोलतात. समोरच्याचा आवाज किती स्पष्ट येतो, त्याला पाचपैकी गुण द्यायचे, ही या मंडळींची रीत. बाकीचे सौजन्य म्हणून सगळ्यांना पाच देऊन टाकतात. आमचे हे गृहस्थ मात्र हाडाचे कंजूष. मी जिन्यातून हाक मारली तरी म्हणणार, "तीन. खोटं कशाला बोलू, भाई?"

दिवस मावळला की वर आयनांबरात, म्हणजे रेडिओच्या लहरी परतवणाऱ्या हवेच्या उंच थरात, बुडबुडे उठतात आणि त्यातून येणारे आवाज थरथरतात, हे मला त्यांनीच शिकवलं.

परवा मी वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेलो. नागपूर, इंदूर, सगळे खणखणीत येत होते. "आज वर काही गडबड नाही. एकदम मस्त!" ते खुशीत म्हणाले.

तेवढ्यात रत्नागिरीचे एक म्हातारे काका बोलायला आले. आवाज फार कापत होता. त्यांनीच विचारलं, "खरं सांग बाळ, माझा आवाज गेला का रे आता?"

"नाही हो काका! आज वर बुडबुडेच फार आहेत. इथे सगळेच थरथरतायत. तरी तुम्हाला पाचपैकी पाच."

पलीकडे काका मोकळं हसले.

मी हातात चादर धरून बघतच राहिलो. त्यांनी माझ्याकडे न बघता बटण फिरवलं आणि ते गुरकावले, "तुम्ही कपडे काढा ना!"