पाच कॅमेऱ्यांचे शरदकाका
शरदकाकांवर लेख लिहून द्या, असं गौरव समितीने कळवलं तेव्हा माझा आनंद गगनात मावेना. श्री. शरदराव जगदाळे पंचाहत्तर वर्षांचे झाले, यावर मात्र माझा अजून विश्वास बसत नाही. परवाच ते स्टुलावर चढून छतालगत केबल ओढत होते आणि त्यांच्याहून तीस वर्षांनी लहान असलेली मी खाली उभी राहून "काका, उतरा आता" म्हणून विनवत होते. ते उतरले, पण केबल लावूनच.

आमची पहिली भेट बडोद्याच्या सुभानपुऱ्यातल्या त्यांच्या स्टुडिओत झाली. मी व्हिडिओ एडिटिंग शिकून नोकरी मागायला गेले होते. काका सतरंजीवर मांडी घालून बसलेले, पुढ्यात स्टीलचा मसाल्याचा डबा. वाटलं, इथे फोडणीची तयारी चालली आहे. वाकून पाहते तर वाट्यांमध्ये मोहरी-जिऱ्याऐवजी कॅमेऱ्यांची मेमरी कार्डं. एका कॅमेऱ्याची एक वाटी. फिल्म गिऱ्हाइकाच्या हाती पडेपर्यंत वाटीतलं कार्ड पुन्हा कॅमेऱ्यात घालायचं नाही, हा त्यांचा नियम. मांडवीतले इतर व्हिडिओवाले या डब्यावरून त्यांची भरपूर थट्टा करत. काकाही त्यांच्याबरोबर हसत आणि झाकण घट्ट लावत.

त्यांनी माझं प्रमाणपत्र पाहिलंच नाही. पाच कॅमेरे तीन तास चालले तर किती जागा लागेल, एवढंच विचारलं. मी सांगितलेला आकडा ऐकून ते म्हणाले, "हे तर नुसते तांदूळ झाले. भात फुगतो ना? पातेलं भाताच्या मापाचं घ्यायचं." मग एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर त्यांनी मला सगळं मांडून दाखवलं: मूळ चित्रण, त्याची दुसरी प्रत, संकलनात तयार होणारं नवं सामान आणि वर हात फिरवायला मोकळी जागा. संगणकाची भीती वाटण्याच्या वयात काकांनी ही विद्या स्वतःहून आत्मसात केली होती. आमच्याकडे सर्व्हर आला तो त्यांच्याच हट्टामुळे. पाचही कॅमेऱ्यांचं चित्रण कार्डावर होई आणि त्याच वेळी केबलमधून, कार्यक्रमाच्या जागी नेलेल्या सर्व्हरवरही उतरे. मग चार टेबलांवरचे चौघं त्याच चित्रणावर एकाच वेळी काम करू शकत. तो पहिल्यांदा सुरू झाला त्या दिवशी काकांनी सगळ्यांना शेव-उसळ खिलवली आणि स्वतः मात्र खायचं विसरून प्रत्येक टेबलापाशी जाऊन "दिसतंय ना?" विचारत राहिले.

मला मुलगी झाली तेव्हा मी काम सोडायला निघाले होते. काकांनी एक टेबल शांत खोलीत हलवलं आणि शेजारी पाळण्यापुरती जागा केली. याबद्दल ते कधी बोलले नाहीत. मीच सगळीकडे सांगत फिरते.

पण आज मला सांगायचंय ते वेगळंच आहे. हरणीच्या सुमनताई आपल्या सगळ्यांच्या गाण्याच्या गुरू. त्यांच्या गळ्याची शस्त्रक्रिया ठरली, नंतर आवाज राहील याची खात्री डॉक्टर देईनात. म्हणून त्यांची शेवटची मैफल आम्ही पाच कॅमेऱ्यांनी टिपली. शस्त्रक्रियेआधी ती ताईंना दाखवायची, हा काकांनी दिलेला शब्द.

त्याच आठवड्यात एका लग्नाचं चित्रण आलं आणि सर्व्हरवर जागा उरली नाही. मी विचार केला, मैफल चारही टेबलांवर दिसते आहे, म्हणजे चार प्रती आहेत. माझ्या टेबलावरची काढली तर काय बिघडलं? मी ती काढली. क्षणभरात शेजारच्या टेबलावरून हाक आली, "अगं, मैफल कुठे गेली?" चौघांनाही दिसत होती ती एकच होती.

काका आले. माझ्याकडे पाहिलं, डबा उघडला. पाचही वाट्यांत पाचही कार्डं होती. मी रडत होते. ते खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "चूक माझी आहे. चार जणांना एकच ताट वाढलं आणि ते एकच आहे, हे सांगायचं राहिलं."

कार्डांवरून मैफल परत आली, पण पाचही कॅमेऱ्यांचं चित्रण एकमेकांशी नव्याने जुळवण्यात दिवस गेले. शस्त्रक्रियेआधी फिल्म पोचली नाही. ताईंच्या मुलाने काकांना सगळ्यांदेखत बोल लावले, म्हातारपणी नसती कामं अंगावर घेता म्हणाला. काकांनी हात जोडून एवढंच सांगितलं, "माझं नियोजन चुकलं." माझं नाव त्यांनी घेतलं नाही. ताईंचा आवाज परतला नाही, त्यांनी फिल्म पाहिली ती मुकेपणीच. तेव्हापासून बडोद्यात एक वाक्य कानावर येतं, "जगदाळेंचं काम सुंदर, पण वेळेचा भरवसा नाही." मी ते ऐकत आले आणि गप्प राहिले.

हा मजकूर छापायला देण्याआधी काकांना दाखवला. हा भाग काढून टाक, म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांची ही एकच आज्ञा मी मोडते आहे.

सुमनताई, उशीर माझ्यामुळे झाला. काकांनी शब्द पाळला असता, मी तो पाळू दिला नाही. त्यांच्यावरचा राग माझ्या नावावर करा. काकांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो आणि पुढची सगळी वर्षं त्यांना माझ्या चुकीचं ओझं न वाहता जगायला मिळोत, हीच प्रार्थना.