दत्तूभाऊंची गोष्ट आवडली होती

हे मी नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही. देवापुढे हात जोडतानासुद्धा हा विषय आला की मी घाईघाईने दुसरं काहीतरी मागून मोकळी होते. तुम्ही मला ओळखत नाही — म्हणूनच बहुतेक जमेल.

इंदूरला आमचा मराठी लिहिणाऱ्यांचा लहानसा ग्रुप होता. आठ-नऊ जण. रविवारी अन्नपूर्णा भागात माझ्या घरी जमायचं, एकाने वाचायचं, बाकीच्यांनी बोलायचं. मग इंदूरची एकेक कापडमिल बंद पडत गेली. केशवराव मिलच्या ऑफिसात होते, ते मुलाकडे पुण्याला गेले. सुमनच्या नवऱ्याला वापीत काम मिळालं, तीही गेली. कोणी भोपाळ, कोणी नाशिक. ग्रुप मोडलाच असता — मी मोडू दिला नाही. मी शाळेत शिकवायचे, तिथे नुकतेच कंप्युटर आले होते. मी शिकले, सगळ्यांना ई-मेल उघडायला लावले. आठवड्यात एकाची गोष्ट सगळ्यांना जायची, आणि रविवारी अकराला जो तो आपापल्या गावच्या सायबर कॅफेत बसून चॅटवर बोलायचा. भाषा मराठी, अक्षरं इंग्रजी. मध्येच लाइन तुटायची, वाक्यं अर्धी राहायची, पण वर्कशॉप व्हायचं. सगळे म्हणायचे, ताई, तुमच्यामुळे ग्रुप टिकला. खरंच होतं ते. आणि मला ते ऐकायला किती आवडायचं — हे आधीच सांगून ठेवते.

इंदुरात आता दोघंच उरलो होतो. मी आणि दत्तूभाऊ.

दत्तूभाऊ मिलमध्ये मागावर कापड विणायचे, वीस वर्षं. मिल बंद झाल्यावर एका मॅरेज गार्डनची चौकीदारी धरली. रविवारी सुट्टी नाही, इंग्रजी अक्षरं लागत नाहीत. म्हणून ते वही माझ्याकडे द्यायचे, मी टाइप करून पाठवायचे, आणि लोक काय म्हणाले ते सोमवारी शाळेच्या गेटवर त्यांना सांगायचे. म्हणजे त्यांच्यापर्यंत ग्रुप पोचायचा तो माझ्या तोंडून. फक्त माझ्या.

त्या आठवड्यात त्यांनी एक गोष्ट दिली. मागांच्या आवाजात आयुष्यभर ओरडून बोललेला माणूस. मिल बंद होते, तो घरी बसतो, आणि छोटी पोरगी म्हणते, 'बाबा, धीरे बोला ना, मी इथेच तर आहे.' मग तो म्हातारपणी हळू बोलायला शिकतो. एवढीच गोष्ट. अर्धी मराठी, अर्धी हिंदी, जसे ते बोलायचे तशीच. टाइप करता करता मी दोनदा थांबले. का थांबले, ते मला तेव्हाच कळलं होतं.

त्याच्या आदल्या रविवारी माझी गोष्ट होती. तीन महिने लिहीत होते मी ती. लोक 'छान आहे' म्हणाले आणि पावसापाण्यावर बोलायला लागले.

दत्तूभाऊंच्या गोष्टीवर मात्र दीड तास कोणी उठेना. केशवरावांनी लिहिलं, वाचून झाल्यावर मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो, बायकोशी बोलवेना. सुमनने लिहिलं, ताई, आपल्यात आजवर असं कोणी लिहिलं नाही. — आपल्यात. म्हणजे माझ्यासकटच ना? केशवरावांच्या ओळखीचे एक संपादक दिवाळी अंक काढायचे. केशवराव म्हणाले, छापायला मूळ वही लागेल, ती पाठवा, मी देतो त्यांना.

सोमवारी दत्तूभाऊ गेटवर उभे. सायकल हातात.

"काय म्हणाले लोक? साफ-साफ सांगा हां, ताई."

मी म्हणाले, "विशेष काही नाही. भाषा फार खिचडी आहे म्हणाले."

हे कोणीच म्हणालं नव्हतं. हे मी म्हणाले.

ते हसले. "हां, ते तर आहेच. आपली मराठी म्हणजे इंदोरी मामला." मग वही घेतली, कॅरिअरला नीट अडकवली. "पण तुम्ही टाइप केलंत, बहुत मेहनत झाली तुम्हाला."

केशवरावांना मी कळवलं, दत्तूभाऊ छापायला नको म्हणतात, संकोची आहेत. त्यांनी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी हेच लिहिलं.

इथेच संपलं असतं तरी एक वेळ... नाही, तसं म्हणायचा मला हक्क नाही. महिन्याभराने ते परत आले. लायब्ररीतून शब्दकोश आणून सबंध गोष्ट त्यांनी शुद्ध मराठीत उतरवली होती. ती पोरगी आता म्हणत होती, 'बाबा, कृपया हळू आवाजात बोला.' मी गेटवरच वाचली. गोष्टीत जीव उरला नव्हता. विचारलं, "पहिली वही?" तर म्हणाले, "फाडून टाकली. खराबच होती ना ती."

तेव्हा तरी बोलायचं होतं. माझ्या ई-मेलमध्ये पहिली गोष्ट अजून होती. मी म्हणाले, "आता बरीच सुधारली आहे." आणि ती ग्रुपला पाठवलीच नाही. पुढे त्यांनी काही लिहायला घेतलं नाही. भेटले की ग्रुपची चौकशी करायचे, सगळ्यांची नावं घेऊन. काही वर्षांनी माझं ते ई-मेलचं खातं बंद पडलं, त्यात माझ्याकडची ती गोष्टही गेली.

दत्तूभाऊ शेवटी मुलीकडे, इंदूरजवळ हातोदला होते. तिथेच वारले. तेराव्याला मी गेले. मुलीने मला आत बसवलं, चहा दिला. मग हळूच विचारलं, "मावशी, बाबा खरंच चांगलं लिहायचे का हो? आम्हाला तर म्हणायचे, आपल्याला लिहिता येत नाही, उगीच लोकांचा टाइम खराब केला."

तेव्हा खोलीत आम्ही दोघीच होतो. कोणाची भीती नव्हती. कोणाला काही कमी पडणार नव्हतं.

मी म्हणाले, "ठीक लिहायचे."

तिने मान हलवली. मी चहा संपवला, कप तिच्या हातात दिला आणि बसने घरी आले.

ते चांगलं लिहायचे. आमच्या सगळ्यांत चांगलं.