सरळ पोहण्याची तयारी

मॅट्रिकच्या वर्षी शाळेतल्या बाईंनी मला मुंबईच्या एका कॉलेजबद्दल सांगितलं. त्या स्वतः तिथे शिकल्या होत्या. मुलींचं वसतिगृह चांगलं होतं, पण जागा थोड्या आणि भरपूर गुण घेऊन येणाऱ्या मुली पुष्कळ. त्यामुळे निवड मुलाखतीवर होई, आणि मुलाखतीत गुणांबद्दल फारसं कोणी विचारत नसे. विचारत ते एवढंच, की पुस्तकाबाहेर तू काय केलंस.

वसईजवळच्या आमच्या गिरीज गावाहून रोज मुंबईला जाऊन-येऊन शिकायला घरून परवानगी नव्हती. वसतिगृहात जागा मिळाली तर कॉलेज, नाही मिळाली तर शिवणकामाचा वर्ग. हे घरात ठरून गेलं होतं आणि त्यावर कोणी वाद घालत नव्हतं.

"तू काय काय करतेस?" बाईंनी विचारलं.

"रहाटाचा बैल हाकते. विड्याची पानं खुडते. रविवारी चर्चमध्ये मिस्साला गाते."

"मिस्साला सगळेच गातात. खेळ?"

"लंगडी."

बाईंनी उघडलेलं पेन पुन्हा मिटलं.

पुढच्याच आठवड्यात शाळेच्या विहिरीवर दोर तुटला आणि बादली तळाला गेली. शिपाई गळ शोधायला गेला. तो यायच्या आत मी विहिरीत उडी मारून बादली वर काढली होती. आमच्या आळीत कोणाची कळशी पडली की मलाच हाक येई, आणि काम झालं की केळ्यांची फणी मिळे. यात सांगण्यासारखं काही आहे असं मला वाटत नव्हतं. अंगण झाडणं, गवत कापणं, तसंच हे. मी केस पिळत वर आले तेव्हा बाई कठड्याला टेकून उभ्या होत्या.

"हे तू मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही खेळ विचारलेत."

नाताळच्या सुट्टीत मुंबईत शाळकरी मुलींच्या पोहण्याच्या स्पर्धा होत्या. त्याच संध्याकाळी बाई आमच्या घरी आल्या. ओटीवर बसल्या आणि चहा येण्याआधीच विषयाला आल्या.

वडील म्हणाले, "कॉलेजात पोहत जायचं? गाड्या बंद झाल्या काय?"

आई हसली नाही. "बाई, पोर पाण्यात उतरते ती लोकांच्या कळशीसाठी. लोकांना दाखवायला नाही उतरत."

"तिथे बघायला बायकाच असतात."

"आणि अंगावर काय?"

"पोहायचा पोशाख."

"म्हंजे कुठपर्यंत?"

बाईंनी गुडघ्याच्या बऱ्याच वर हात ठेवून दाखवला. आईने तो हात धरला आणि गुडघ्याखाली आणून सोडला. पोशाख तिथपर्यंतच शिवला गेला. काळ्या साटिनचा. मी तो घालून माजघरात चालून दाखवला, तेव्हा वडील म्हणाले की यात शिडासारखा वारा भरेल.

सराव विहिरीत होणं शक्य नव्हतं. बाईंना लांबी हवी होती. म्हणून आम्ही बावखलावर गेलो. बावखल म्हणजे वाडीला पाणी देणारं तळं. आमचं बावखल लांबट होतं आणि काठाने माडांची रांग होती. या काठावरून सुटायचं आणि समोरच्या वाकड्या माडाला हात लावायचा, असं बाईंनी सांगितलं. मी सुटले, जोरात हात मारले, आणि जिथे पोचले तिथे वाकडा माड नव्हता. धुण्याचा दगड होता. पुन्हा सुटले, पुन्हा धुण्याचा दगड.

कारण उघड होतं, पण ते आमच्या ध्यानात यायला दोन संध्याकाळी गेल्या. मी आयुष्यभर गोल विहिरीत पोहले होते. आमच्याकडे विहिरीत उतरणाऱ्यांचा एक नियम असे. वर रहाटाचा बैल ज्या अंगाने फिरतो, त्याच अंगाने खाली सगळ्यांनी भिंतीकडेने फिरायचं, म्हणजे डोकी आपटत नाहीत. आमचा बैल डावीकडे वळत फिरे. त्यामुळे मीही डावीकडे वळे. मला तो वळसा वाटतच नव्हता, माझ्या लेखी ते सरळच होतं.

मग बाई छत्री घेऊन काठाने चालू लागल्या. मी वळले की छत्री उजवीकडे करत आणि ओरडत, "इकडे, इकडे." त्यांना स्वतःला पोहता येत नव्हतं. शेजारच्या वाडीतले काका पाटाचं पाणी वळवता वळवता हे रोज बघत.

"बाई, म्हैस वाट चुकली वाटतं."

"म्हैस नाही, कॉलेजात जाणारी मुलगी आहे."

"मग बरोबर. म्हैस एवढ्यात सरळ झाली असती."

नाताळ जवळ येत गेला. घराघरांत कंदील तयार होत होते, करंज्या तळल्या जात होत्या आणि मी थंड पाण्यात वाकड्या माडाकडे हात मारत होते. एका संध्याकाळी माझा हात माडाच्या खोडाला लागला. बाईंनी छत्री मिटली आणि लगेच पुन्हा उघडली. त्या रात्री मला झोप लागली नाही. अंथरुणात पडल्या पडल्याही पाय हलत होते.

स्पर्धेच्या दिवशी मी पहिल्यांदा पोहण्याचा तलाव बघितला. पाण्याला रंग होता आणि त्याखाली तळ दिसत होता. आमच्या विहिरीत हातभर खाली गेलं की अंधार. कळशी हाताने चाचपून शोधायची, डोळ्यांचा उपयोग नाही. इथे तळाच्या फरशीतली भेगसुद्धा वरून दिसत होती. प्रत्येकीची वाट दाखवायला तळाशी काळे पट्टे होते, मध्ये दोऱ्या नव्हत्या. माझा पोशाख बघून दोन मुली एकमेकींच्या कानात बोलल्या. एकीने विचारलं, "तू नाटकातून आलीस का?"

"नाही, वसईहून."

शिट्टी झाली. पहिले काही हात मारल्यावर माझ्या पुढे कोणी नाही हे मला कळलं. कडेवरून आरडाओरडा येत होता आणि त्यात बाईंचा आवाज वेगळा ऐकू येत होता. समोरची भिंत जवळ येत होती. मी आणखी जोर लावला, आणि त्या जोरात माड, छत्री सगळं विसरले. खांद्याला कोणाचा तरी खांदा लागला. मी डावीकडच्या मुलीच्या वाटेत जाऊन तिला अडवलं होतं. ज्या शर्यतीसाठी आम्ही आलो होतो ती माझ्यापुरती तिथेच संपली. पंच बाईंनी मला बाजूला बोलावलं आणि शांतपणे सांगितलं की मी बाद आहे.

आमच्या बाईंनी माझ्या अंगाभोवती पंचा गुंडाळला. "वळलीस," एवढंच म्हणाल्या. मला वसतिगृह दिसेनासं झालं आणि शिवणयंत्र दिसू लागलं.

तेवढ्यात पुढच्या प्रकाराची घोषणा झाली. पाण्यात थाळ्या टाकणार, एका दमात जास्तीत जास्त वर आणायच्या, एकेकीने यायचं. शर्यतीत नाव असलेली कोणीही उतरू शकत होती. बाई वाक्य संपायच्या आत उठल्या. मी काही बोलेपर्यंत त्या पंचांच्या टेबलापाशी पोचल्या होत्या.

माझ्या आधीच्या मुली खाली जात, एक-दोन थाळ्या उचलत, पुढची शोधायला मान वळवत आणि श्वास संपून वर येत. माझी पाळी आली. मी डोकं खाली घालून सूर मारला आणि कानांत ओळखीचा दाब बसला. थाळ्या तळावर पसरलेल्या होत्या आणि पहिल्यांदाच मला जे शोधायचं ते दिसत होतं. मी कडेच्या थाळीपासून सुरुवात केली आणि बैलाच्या अंगाने फिरले. डावीकडे, डावीकडे, एकेक थाळी पोटाशी धरत. इथे मला वळू नको म्हणणारं कोणी नव्हतं. वळसा पुरा झाला तेव्हा तळ रिकामा होता. मी वर आले, थाळ्या काठावर ठेवल्या, आणि पंच बाई त्या मोजत असताना आमच्या बाई हसत होत्या. पहिल्या नंबराचं प्रशस्तिपत्र मिळालं. परतीच्या गाडीत ते बाईंनी ओलं होऊ नये म्हणून आपल्या मांडीवर धरलं. माझे केस वसई येईपर्यंत ठिबकत होते.

जूनमध्ये मुलाखत झाली. टेबलापलीकडे कॉलेजच्या प्राचार्या बसल्या होत्या. त्यांनी प्रशस्तिपत्र वाचलं आणि चष्मा वर केला.

"पाण्यातून थाळ्या कशाला काढायच्या?"

"त्यांनी टाकल्या होत्या म्हणून. आमच्याकडे कळश्या पडतात."

"आणि कळश्या तू काढतेस?"

"हो. आळीतल्या सगळ्यांच्या."

"शर्यतीत नव्हतीस?"

"होते. बाद झाले. वळले."

"का?"

मी विहीर सांगितली, रहाट सांगितला, बैलाचं फिरणं सांगितलं. सांगता सांगता टेबलावर बोटाने गोल काढला. त्या पुढे वाकून बघत होत्या. मग विचारलं, "आता सरळ येतं?"

"येतं." हे खरं होतं. परीक्षेचे दिवस सोडले तर मी जानेवारीपासून रोज वाकड्या माडाला हात लावून येत होते.

यादी कॉलेजच्या फळ्यावर लागली. बाई माझ्याबरोबर आल्या होत्या. त्यांनी वरून वाचायला सुरुवात केली, मी खालून. नाव मला आधी दिसलं. मी बोट ठेवलं. बाईंनी ते बोट बाजूला करून नाव पुन्हा वाचलं, आणि मग तिथल्या गर्दीत, छताखाली, छत्री उघडली.

घरी बातमी पोचायच्या आत आळीत पोचली. शेजारचे काका ओटीशी आले.

"आता कळशी पडली तर काय, मुंबईला तार करायची?"

तो प्रश्न रास्त होता. जायच्या आधीचे सगळे दिवस मी विहिरीवर काढले. आळीतल्या चार मुली शिकायला आल्या, त्यांत काकांची सूनही होती. बुडी मारायला त्यांना वेळ लागला नाही. पण त्याआधी मी त्यांना बावखलावर नेलं, या काठावर उभं केलं आणि समोरचा वाकडा माड दाखवला. पहिल्या दिवशी सगळ्या धुण्याच्या दगडाला लागल्या. मी काठावर बाईंची छत्री घेऊन चालत होते.