आतल्याची नावं

मला माझ्या नवऱ्याच्या तोंडातल्या शब्दांचा मत्सर वाटायचा. आधी शब्दांचा, आणि मग ज्या बाईने ते शब्द दिले तिचा. आता म्हातारपणी सुनेने अक्षरं गिरवायला शिकवली, तर पहिल्यांदा लिहावंसं वाटलं ते हेच. देवाचं नाव लिहायला बसले होते, ते राहून गेलं.

आम्ही कर्जतचे खाटीक. स्टेशनाच्या खालच्या अंगाला दुकान, त्याच्या मागे घर, घराच्या मागे कुडाची ताटी आणि ताटीपलीकडून नदीकडे उतरणारी वाट. आमच्या घरात एक रीत होती. बकरं कापायचं, सोलायचं, टांगायचं, तोडून विकायचं ते पुरुषाने. पोट उघडलं की त्याचा हात थांबायचा. आतून जे निघेल ते टोपलीत पडायचं आणि टोपली ताटीखालून मागे सरकवली जायची. तिथून पुढे बायकांचं राज्य. काळीज, गुर्दे, फुप्फुस, तिल्ली, वजडी, आतडी हे सगळं सुटं करायचं, नदीवर न्यायचं, धुवायचं, चुना लावून खरवडायचं. या सगळ्याला मिळून आम्ही ‘आतलं’ म्हणायचो. आम्ही धुवायचो त्या नदीच्या वळणावर पुरुष कधी येत नसत. धुऊन पांढरं झालेलं आतलं पुन्हा ताटीखालून पुढे जायचं, आणि ते कुणी धुतलं याची दुकानात वाच्यता व्हायची नाही. घरच्या बाईचं नाव बाजारात घेत नाहीत, असं सासूबाई म्हणायच्या.

नावं मला त्यांनीच शिकवली. पोटाच्या पिशवीला बाहेरचे लोक सरसकट वजडी म्हणतात, पण वजडीत कप्पे असतात. जाड, लवदार असते ती गोधडी. बारीक चौकटी-चौकटींची असते ती जाळी. आणि पातळ पदर एकावर एक असतात ती पानं. पानं धुवायचं काम सगळ्यांत किचकट. एकेक पदर उलगडून आत बोट फिरवावं लागतं, नाहीतर खाणाऱ्याच्या दाताखाली गवत येतं आणि खाटकाचं नाव जातं. खालापूरकडचं माहेर सोडून या घरात आले तेव्हापासून मी पानं उलगडत होते. ‘ह्याला काय म्हणतेस गं’ असं ह्यांनी मला एकदाही विचारलं नव्हतं. त्याचं मला काही वाटतही नव्हतं. मडम येईपर्यंत.

घाट चढायला गाडीला मागून जे इंजिन जोडतात, त्यावरचे गोरे ड्रायव्हर स्टेशनामागच्या बैठ्या बंगल्यांत राहायचे. हे सकाळी तिकडे मटणाची टोपली घेऊन जायचे. त्या घरांतून मागणी ठरलेली. मांडी, बरगडी, त्याखेरीज लिव्हर, किडनी, फार तर टंग. उरलेलं सगळं ते कुत्र्याला घालायचे. त्याला त्यांच्यात ऑफल म्हणतात, म्हणजे कापताना जे खाली पडतं ते. मी दोन्ही हात लाल होईस्तोवर धुतलेलं त्यांच्या लेखी खाली पडलेलं होतं. पण त्याचा मला राग नव्हता. ज्याला चवच कळत नाही त्याच्यावर कशाला रागवायचं?

त्यातला एक ड्रायव्हर विलायतेला रजेवर गेला आणि येताना बायको घेऊन आला. ती इंग्रज नव्हती, जर्मन होती. पहिल्या दिवशी टोपली पोचवून हे घरी आले ते हसतच.

“अगं, ही मडम खानसाम्याला हात लावू देत नाय. सोता फडकं उचाकती आन् समदं चिवडून बघती. फुप्फुस घेतलंन, तिल्ली घेतलीन. सायेब वरडला, हे मांजराचं म्हणून. तर ती म्हंती, मग मी मांजर!”

मीही हसले. त्या दिवशी हसले.

मग शब्द यायला लागले. काळजाला साहेब लिव्हर म्हणायचा, ती लेबर म्हणायची. जिभेला तो टंग, ती त्सुंगं. चुलतभाऊ असावेत तसे हे शब्द, ऐकून कळायचं. पण भेज्याला तो ब्रेन आणि ती हिर्न, गुर्द्याला तो किडनी आणि ती नीरं, वजडीला तो ट्राइप आणि ती कुटल्न, इथे नातं तुटायचं. फुप्फुसाला ती लुंगं म्हणे आणि साहेब लाइट्स. लाइट्स म्हणजे हलकी. एवढा एक शब्द मला त्या इंग्रजांचा पटला, कारण फुप्फुस पाण्यात टाका, बुडत नाही. कोवळ्या बकऱ्याच्या गळ्याजवळ एक मऊ गोळा असतो, त्याला मडम ब्रीस म्हणायची आणि इंग्रज स्वीटब्रेड, म्हणजे गोड पाव. तो गोड नाही आणि पावही नाही. पण नाव असं गोड की हे तो गोळा टोपलीत अगदी वर, पानावर ठेवून न्यायला लागले.

बिघडलं ते इथे. जेवताना शब्द, दुकानात शब्द, झोपताना कूस बदलता बदलता शब्द. कडावहून बकरी घेऊन येणाऱ्या धनगरालासुद्धा हे सांगायचे, तुझ्या बकऱ्याची मिल्त्स लई भारी निघाली. मिल्त्स म्हणजे तिल्ली, हे त्याला काय कळणार? तो बिचारा माझ्याकडे बघायचा. आणि ह्यांचा चेहरा! आमच्या लग्नात तो इतका उजळला नव्हता. मी भाकरी थापायची आणि परातीवर जरा जास्तच आवाज काढायची.

एकदा राहवलं नाही. म्हटलं, “आन् आमी काय म्हंतो कुटल्नला?”

“काय म्हंतो? वजडी.”

“आन् वजडीच्या आत?”

“आत काय असतंय? वजडीच.” असं म्हणून ह्यांनी ताटात हात धुतला.

त्या दिवसापासून मडमेचं नाव काढलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. दिसायला कशी आहे, विचारलं. म्हणाले, आडव्या बांध्याची, हात लालभडक, कोपरापर्यंत भाजल्याचे डाग. ती सुंदर असती तर बरं झालं असतं. सुंदर बाईचा मत्सर करायला सोपं जातं, चार बायका आपल्या बाजूने बोलतात. ही तर माझ्यासारख्याच हातांची निघाली.

वर हे म्हणाले, “ती आपल्यातलीच हाय गं. तिचा बाप खाटीक व्हता.”

आपल्यातली! मी या घरात सून होऊन आले, सासूबाईंचं आजारपण काढलं, थंडीच्या दिवसांत गुडघाभर पाण्यात उभी राहिले, आणि ह्यांच्या तोंडून ‘आपल्यातली’ हा शब्द निघाला तो सातासमुद्रापलीकडच्या बाईसाठी. मग आणखी एक ऐकलं. त्या सगळ्या मालाला ती इंग्रजांसारखं खाली पडलेलं म्हणत नाही. तिच्याकडे त्याला इन्नरायन म्हणतात, म्हणजे आतलं.

“आतलं!” हे म्हणाले. “कसं झ्याक नाव हाय बघ.”

ते नाव ताटीच्या मागे रोज घेतलं जात होतं. हाताच्या अंतरावर. ह्यांना ते जर्मनीहून कळलं. मी उठून नदीवर गेले आणि त्या दिवशीची आतडी इतकी खरवडली की एक फाटलं. माझ्या हातून आतडं फाटलेलं मला तरी आठवत नाही, त्याआधी नाही आणि त्यानंतर नाही.

पावसाळा सरल्यावर एक दुपार झाली. आम्ही बायका वळणावर धूत होतो, आणि वाटेवरून हे खाली आले. सगळ्यांनी पदर तोंडाला लावले. एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, “काय रं, वाट चुकला का?” हे सरळ माझ्या शेजारच्या दगडावर बसले आणि टोपलीतलं एक आतडं उचलून म्हणाले, “हे उलटं कसं करत्यात ते दाव.”

खोटं कशाला सांगू, माझा जीव हरखला. आणि हरखता हरखताच मला कळलं की हे माझ्यासाठी आलेले नाहीत.

“कशापायी?” मी विचारलं.

मग हळूहळू निघालं. मडम आतड्यात खिमा आणि जव भरून शिजवते. तिला आमच्या दुकानातली आतडी फार आवडली. इतकं स्वच्छ, न फाटता उलटवलेलं आतडं तिने बापाच्या दुकानातही पाहिलं नव्हतं म्हणे. हे कोण साफ करतं, असं तिने विचारलं.

“मग?”

“मग काय. मी म्हनलं, मी.”

“तुमी?”

“बाईचं नाव कसं घ्यायचं तिथं? आनि आता ती म्हंती, उद्या हितं येऊन माझ्यासमोर कर. शिकवून दे.” ह्यांनी मान खाली घातली. “दाव ना गं.”

दाखवायला काय, दोन मिनिटांचं काम. आतड्याचं तोंड बाहेरच्या बाजूला बोटभर दुमडायचं, त्या दुमडीत पाणी ओतायचं आणि नुसतं धरून राहायचं. पाण्याच्या भाराने आतडं आपणहून आत ओढलं जातं आणि उलटं होत जातं. जोर केला की गेलं. पण बोटाला ते कळायला हिवाळे-पावसाळे जावे लागतात. मी सगळं पाहिलं डोळ्यांसमोर. उद्या हे माझं काम घेऊन तिच्या ओट्यावर बसणार, ती वाहवा करणार, ह्यांचा चेहरा उजळणार. आणि मी ताटीच्या मागे.

“दावते,” मी म्हटलं. “पर मीबी येनार. पानी ओतायला दुसरा हात लागतोच. आन् तिनं इचारलं कोन धुतं, तर काय सांगनार?”

ह्यांनी हातातलं आतडं माझ्यापुढे धरलं. नदीचं पाणी वाहत राहिलं आणि बायका कान देऊन ऐकत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी मी डोक्यावर पदर घट्ट घेऊन, टोपली काखेत धरून ह्यांच्या मागोमाग बंगल्यावर गेले. हे नेहमीसारखे पुढे, मी मागे. मागच्या ओट्यावर घंगाळात कोमट पाणी तयार होतं. मडम बाह्या वर सारून बसली होती. तिने माझ्याकडे पाहून मान हलवली, आणि मला तिची बसायची तऱ्हा पाहून अधिकच राग आला. दोन्ही गुडघे फाकून, मध्ये भांडं घेऊन. आम्ही बसतो तशीच.

ह्यांनी आतड्याचं तोंड दुमडलं. मी पाणी ओतलं. ह्यांनी घाई केली आणि आतडं फाटलं. दुसरं घेतलं. ते वीतभर उलटलं, मग अडकलं, ह्यांनी बोटाने ढोसलं, तेही फाटलं. ह्यांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तांब्याकडे पाहत राहिले. एक शब्द बोलणार नव्हते मी, सगळी टोपली फाटली असती तरी. घरात खायला नसतं तरी.

तिसरं आतडं ह्यांनी हातात घेतलं आणि तसंच परत घंगाळात सोडलं.

“मेमसाब,” हे म्हणाले, “मैं नहीं धोता. ये धोती है. मेरी घरवाली.”

तोवर माझ्या नवऱ्याने परक्या माणसासमोर, घरात मी म्हणून कुणी आहे असं कधी म्हटलं नव्हतं.

मडमेने ह्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिने माझा हात धरला, उलटा केला, चुन्याने खाल्लेली नखं पाहिली आणि खदाखदा हसली. मग घंगाळ माझ्याकडे सरकवलं. मी तोंड दुमडलं, पाणी घेतलं आणि धरून राहिले. आतडं सरसर उलटत गेलं. ती वाकून बघत होती, आणि ह्यांना बघायला जागा हवी म्हणून ओट्यावर गुडघे टेकून बसावं लागलं.

नंतर तिने टोपलीतली वजडी पसरली. चौकटींवर बोट ठेवून म्हणाली, “नेत्समागन.” आणि बोटांची जाळी करून दाखवली. मी म्हटलं, “जाळी.” तिने पदरांवर बोट ठेवलं. “ब्लेटरमागन.” कळेना, तेव्हा उठली, कुंपणावरच्या वेलीचं पान खुडून आणलं आणि माझ्या हातावर ठेवलं. मी म्हटलं, “पानं.” मग आम्ही दोघी कितीतरी वेळ तसंच करत बसलो. ती एक म्हणायची, मी एक. हे मध्ये तोंड घालायला बघत होते, पण त्यांच्याजवळ फक्त तिचे शब्द होते आणि ते तिला येतच होते.

तिच्यावरचा माझा राग गेला असं कुणी समजू नये. बाई चांगली होती, त्याने काय होतं? ह्यांनी जे घरात माझ्याकडून ऐकायला हवं होतं, ते त्यांना तिच्या ओट्यावर ऐकावं लागलं. ते मी तिला आजही माफ केलेलं नाही.

परतताना उन्हं कलली होती. हे आधी पुढे होते, मग मंदावले आणि रस्त्याने माझ्या बरोबरीला आले. समोरून ओळखीची माणसं येत होती. ह्यांनी माझ्या काखेतली टोपली घेतली.

“ते ब्लेटरमागन,” हे म्हणाले, “त्याला तू काय म्हनालीस गं?”

“मडमेला इचारा,” मी म्हटलं.

“तुला इचारतो.”

मी चालत राहिले. ह्यांनी पुन्हा विचारलं, दुकानाच्या कोपऱ्यावर आणखी एकदा विचारलं, तिथे बसलेल्या माणसांनी ऐकलं असेल एवढ्या मोठ्याने. मी ताटीच्या मागे जाईपर्यंत सांगितलं नाही. मी इतकी वर्षं थांबले होते, त्यांनी स्टेशनापासून घरापर्यंत थांबायला काय हरकत होती?