एक माणूस जास्त

वसाहतीतली पोरं तिला टाकीताई म्हणत. नवख्या माणसाला वाटायचं, अंगानं आडवी आहे म्हणून चेष्टेनं ठेवलेलं नाव असेल. पण नाव या पोरांच्या जन्माआधीचं होतं, आणि ते ठेवणारी निम्मी मंडळी आता हयातही नव्हती.

दिवसभर ती इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींच्या घड्या घाली आणि संध्याकाळी, पायांत गोळे आलेले असताना, तळमजल्यावरच्या सभागृहात पोरांचं नाटक बसवी. नाटकातलं तिला फार कळत होतं अशातला भाग नाही. एका संस्थेच्या उत्साही बाईंनी तरुणांचा हा गट सुरू केला आणि बरी नोकरी लागल्यावर तो तिच्या गळ्यात घालून त्या निघून गेल्या. "तुम्ही आहातच," म्हणाल्या. तिच्या आयुष्यातली बरीचशी कामं याच शब्दांनी तिच्याकडे आली होती. दादा लांबच्या नव्या घरात राहायला गेला, तेव्हा आईच्या बाबतीत तोही हेच म्हणाला होता.

यंदा पोरांनी विषय घेतला वसाहतीचाच. सरकारनं कामगारांसाठी ही घरं कशी बांधली, कोण आलं, कसं राहिलं. दारोदार फिरून पोरं म्हाताऱ्यांना बोलतं करत होती. पोरांमधल्या एका मुलीला सगळे चिमणी म्हणत. आवाज मात्र कावळ्याचा. तिनं विचारलं, "ताई, तुमचं नाव टाकी कसं पडलं?"

ती टाळणार होती. पण दमलेल्या माणसाला खोटं बोलायचाही कंटाळा येतो. तिनं सांगून टाकलं.

एका खोलीत चारच माणसं, असा घरखात्याचा नियम. विधवा आत्या राहायला आली आणि यांच्या घरात एक माणूस जास्त झालं. तपासनीस न सांगता यायचा, डोकी मोजायचा. डोक्यांवर विश्वास नसे म्हणून उशाही मोजायचा. जास्त निघाली तर खोली जायची. म्हणून तो फाटकात दिसला की तळमजल्यावरची बाई पाण्याच्या पाइपावर पळी बडवी. ठणठणाट सगळ्या मजल्यांवर पोचे आणि घरोघरचं जास्तीचं माणूस आपली उशी घेऊन गच्चीत पळे. यांच्या घरातलं जास्तीचं माणूस म्हणजे ती. दर वेळी तीच. पाण्याच्या टाकीच्या आड, उशी पोटाशी धरून.

"आणि तुमचा भाऊ?" चिमणीनं विचारलं.

"तो खालीच."

"का?"

"ते आईला विचार," असं म्हणून ती खुर्च्या सरळ करू लागली. तिनं स्वतः ते कधीच विचारलं नव्हतं. आपण आईला नकोशा होतो का, हा प्रश्न इतकी वर्षं तिनं पोटात ठेवला होता. उत्तर 'हो' आलं असतं, तर त्याच आईला दुसऱ्या दिवशी आंघोळ कुणी घातली असती?

तालमीत पोरांनी सभागृहातला खराच पाइप बडवला. आणि काय सांगावं! वरच्या मजल्यावरच्या आजी उशी काखेत मारून जिन्यात हजर. पाठोपाठ एक निवृत्त मास्तर, नातवाचं मानगूट धरून गच्चीकडे निघालेले. तपासणी बंद होऊन जमाना लोटला होता, पण कान काही निवृत्त झाले नव्हते. खाली येऊन दोघांनी पोरांचा उद्धार केला आणि मग हसून हसून पायरीवरच बसले. ही गोष्ट वसाहतभर झाली आणि प्रयोगाला एकही खुर्ची रिकामी राहिली नाही.

दादाही आला, मोबाइलमध्ये डोकं घालून. आईला दोघांच्या मध्ये बसवून टाकीताई खुर्चीत टेकली. तिला खरं तर झोप येत होती.

पळी वाजली. नाटकातली आई चिमणीच्या हातात उशी देऊन म्हणाली, "जा वर, पळ!" तालमीत चिमणी निमूट जायची. आज ती जागची हललीच नाही. काय मनात आलं कोण जाणे, तिनं उशी आपटली आणि भोकाड पसरलं. "मी नाही जाणार! दर वेळी मीच का? मला भीती वाटते वर!"

नाटकातली आई गोंधळली. पुढचं वाक्य कुणाकडेच नव्हतं. तेवढ्यात पहिल्या रांगेतून टाकीताईची आई खणखणीत आवाजात म्हणाली, "अगं, रडतेय ना पोर! राहू दे तिला. त्या मुलाला पाठव वर."

सभागृह हसलं, टाळ्या पडल्या. टाकीताईची झोप पार उडाली.

"आई," तिनं हळूच विचारलं, "मग मला का पाठवायचीस?"

"तू कुठे रडायचीस?" आई सहज म्हणाली, चहात साखर किती घालायची ते सांगावं तशी. "दादा घर डोक्यावर घ्यायचा. तू उशी उचललीस की चाललीस. मला वाटायचं, तुला आवडतं वर."

म्हणजे नकोशी वगैरे काही नव्हती. नुसती सोयीची होती. हे ऐकून हायसं वाटायला हवं होतं. तिला मात्र भयंकर संताप आला. संताप आईचा, दादाचा, आणि सगळ्यात जास्त टाकीआड गप्प बसलेल्या त्या पोरीचा.

नाटक संपलं. लोक उठले. आईनं सवयीनं हात पुढे केला. "चल गं, ने मला घरी. आज पाय चोळून दे, फार ठणकतायत."

"आज दादा नेईल," टाकीताई म्हणाली. "पायही तोच चोळेल, राहीलही तुझ्यापाशी. मी दमलेय, आई. मी फार दमलेय." आवाज फुटला, डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं, चारचौघांत, आणि तिनं ते पुसलं नाही.

दादानं मोबाइलमधून डोकं वर काढलं. आईनं तिच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि लगेच हात त्याच्याकडे वळवला.

"ऊठ रे," ती म्हणाली. "रडतेय ती."